प्रमाणित वजावट कोणाला मिळते?

नववीच्या वर्गात शेकडेवारीची उदाहरणे चालली असता एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझी आई शाळेत शिकवते. ती म्हणते की तिच्या पगारातून पंचाहत्तर हजार रुपये सरकार आधीच सोडून देते व मग कर मोजते. बाबांचे मांडवीत कापडाचे दुकान आहे. ते म्हणतात, आम्हांला यातला एक पैसाही नाही. दोघेही सकाळी बाहेर पडतात आणि दमून घरी येतात. मग असे का?" प्रश्न शेकडेवारीचा नव्हता, पण त्या दिवशीच्या सर्व उदाहरणांपेक्षा चांगला होता. वर्गात आम्ही त्याचे उत्तर पाच मिनिटांत दिले आणि ते अपुरे ठरले, कारण दुसऱ्या दिवशी तोच विद्यार्थी आपल्या आजोबांचा, काकांचा आणि आत्यांचा प्रश्न घेऊन आला. त्या घरातील एकेका माणसाच्या निमित्ताने हा विषय उलगडत गेला, म्हणून येथेही आम्ही तोच मार्ग धरीत आहोत.

प्रथम शब्दांविषयी थोडे. उत्पन्नावरील कराला आपण प्राप्तिकर म्हणतो. आपले गुजराती शेजारी त्यालाच आवकवेरो म्हणतात, इंदूर-ग्वाल्हेरकडील मंडळी आयकर म्हणतात, आणि बेळगावच्या बाजारात आदाय तेरिगे हा कानडी शब्द ऐकू येतो. कर एकच, नावे चार. या करात ज्याला इंग्रजीत स्टँडर्ड डिडक्शन म्हणतात, त्यास मराठीत प्रमाणित वजावट असे नाव रूढ झाले आहे. घरोघरी मात्र लोक तिला सरसकट 'सूट' म्हणतात, आणि घोटाळ्याला तेथूनच प्रारंभ होतो. वजावट होते ती उत्पन्नातून, करातून नव्हे. पंचाहत्तर हजारांची वजावट मिळाली म्हणजे पंचाहत्तर हजारांचा कर वाचला असे नाही. ज्याच्या उत्पन्नाचा वरचा थर ५ टक्क्यांच्या दरात येतो त्याचे त्यामुळे ३,७५० रुपये वाचतात आणि ज्याचा थर ३० टक्क्यांत येतो त्याचे २२,५०० रुपये. ४ टक्के अधिभार धरला तर थोडे अधिक. शेकडेवारी शिकणाऱ्यांनी हे एकदा स्वतः मांडून पाहावे.

आता आईकडे वळू. प्राप्तिकराचा कायदा मनुष्याचे उत्पन्न एकाच टोपलीत टाकीत नाही. त्याने पाच टोपल्या ठेवल्या आहेत, त्यांना 'शीर्ष' म्हणतात. पगार, घरभाडे, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा आणि उरलेले सर्व म्हणजे 'इतर साधनांपासूनचे उत्पन्न'. प्रमाणित वजावट ही केवळ पहिल्या टोपलीची आहे. ज्याचे उत्पन्न 'पगार' या शीर्षाखाली येते त्याला ती मिळते, दुसऱ्या कोणाला नाही. एवढे एक वाक्य पक्के धरले म्हणजे पुढील निम्मा लेख आपोआप सुटतो. त्यासाठी पावती लागत नाही, खर्चाचा हिशेब लागत नाही, अर्ज करावा लागत नाही. वय साठच्या आत आहे की पुढे, स्त्री आहे की पुरुष, कायम नोकरी आहे की हंगामी, सरकारी आहे की खाजगी, हे कोणी विचारीत नाही. भारतात पगार मिळविणारा परदेशस्थ असला तरी त्याला ती नाकारलेली नाही. वर्षात तीनच महिने नोकरी केली तरी वजावट चौथ्या हिश्श्याने कमी होत नाही, पुरी मिळते.

किती मिळते, हे करदात्याने कोणती पद्धत पत्करली यावर अवलंबून आहे. जुन्या करपद्धतीत ५०,००० रुपये आणि नव्या करपद्धतीत, आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून, ७५,००० रुपये. मात्र पगारच त्याहून कमी असेल तर पगाराएवढीच. मालक आणि नोकर हे नाते असले पाहिजे, हा या सर्वांचा पाया आहे. शाळेत नेमलेली शिक्षिका ही संस्थेची नोकर आहे. तीच बाई संध्याकाळी घरी शिकवण्या घेते तेव्हा तिला मिळणारी फी हा व्यवसाय झाला, पगार नव्हे. त्या फीवर वजावट नाही. इस्पितळात दरमहा पगारावर असलेला डॉक्टर पहिल्या टोपलीत, आणि त्याच इस्पितळात आठवड्यातून दोनदा येऊन रुग्णामागे फी घेणारा डॉक्टर तिसऱ्या टोपलीत. दोघांचा पांढरा कोट सारखाच असतो. बाहेरच्या माणसाला फरक दिसत नाही. फरक करारात असतो. एक आहे नोकरीचा करार, तर दुसरा नेमून दिलेले काम करून देण्याचा. ओळखण्याची एक सोपी खूण अशी की १९६१ च्या कायद्याखाली ज्याला मालकाकडून 'फॉर्म १६' मिळे तो पगारदार, आणि ज्याला 'फॉर्म १६ अ' मिळे तो बहुधा नव्हे. हल्ली पुष्कळ तरुण एखाद्या कंपनीत रोज जातात, तिच्याच खुर्चीवर बसतात, तिच्याच वेळा पाळतात, पण कागदोपत्री ते 'सल्लागार' असतात. अशांनी नेमणुकीचे पत्र एकदा नीट वाचावे. महिन्याच्या महिन्याला रक्कम खात्यात जमा झाली म्हणजे ती पगार होत नाही.

मुलाचे वडील आणि त्यांचे बंधू भागीदारीत आहेत. भागीदारीच्या लेखात प्रत्येकाला दरमहा 'पगार' ठरवून दिलेला आहे. त्या शब्दावर भरवसा ठेवून वडिलांनी एकदा विचारले होते की मग मलाही वजावट का नको? कायदा येथे अगदी स्पष्ट आहे. भागीदाराला पेढीकडून मिळणारा पगार हा पगार नव्हे, ते धंद्याचेच उत्पन्न होय, कारण माणूस स्वतःचा नोकर होऊ शकत नाही. असेच एक नवल संसद-सदस्यांचे आहे. त्यांना वेतन मिळते, त्याला सर्व जग वेतनच म्हणते, परंतु ते कोणाचे नोकर नसल्याने त्यांचे वेतन 'इतर साधनां'च्या टोपलीत जाते आणि प्रमाणित वजावट तेथे पोहोचत नाही. कायदे करणाऱ्यांनाच ती मिळत नाही, हे ऐकून आमचा वर्ग पुष्कळ हसला.

मग दुकानदारावर हा अन्याय नाही काय? मुलाचा मूळ प्रश्न तोच होता, आणि आकड्यांत मांडला तर तो अधिकच टोचतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ ची नवी करपद्धती घ्या. ४ लाखांपर्यंत कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के, आणि पुढे दर चढत जातात. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंतचा कर माफ. आता एका शिक्षिकेचा वार्षिक पगार १२,७५,००० आहे आणि एका दुकानदाराचा नफाही नेमका १२,७५,००० आहे असे समजा. शिक्षिकेच्या पगारातून ७५,००० वजा जाऊन बरोबर १२ लाख उरतात, कर ६०,००० होतो आणि तो सर्व माफ होतो. दुकानदाराला वजावट नाही. त्याचा कर ६०,००० अधिक वरच्या ७५,००० वर १५ टक्क्यांनी ११,२५०, मिळून ७१,२५०, आणि अधिभार धरून ७४,१०० रुपये. एकाला शून्य आणि दुसऱ्याला ७४,१००!

परंतु येथे 'पगार' आणि 'नफा' या शब्दांत जो भेद आहे तो दृष्टीआड करून चालणार नाही. दुकानदाराचा नफा म्हणजे विक्रीतून खरेदी, दुकानाचे भाडे, वीज, नोकरांचे पगार, फोन, सुरतेहून माल आणण्याचा खर्च, उधारी बुडाली तर तीही, हे सर्व वजा जाऊन उरलेली रक्कम. शिक्षिकेने शाळेत येण्यासाठी रिक्षाला पैसे दिले, घरी बसून उत्तरपत्रिका तपासताना दिवा जाळला, संदर्भासाठी पुस्तके घेतली, तर त्यांतला एक रुपयाही ती पगारातून वजा करू शकत नाही. नोकरदारालाही कमाईसाठी खर्च येतो, पण तो प्रत्येकाचा वेगळा आणि लहान लहान. तो तपासीत बसणे सरकारला परवडत नाही आणि पावत्या सांभाळणे नोकरदाराला जमत नाही. म्हणून सर्वांना एक ठरीव रक्कम सोडून द्यावी, अशी ही तोडजोड आहे. 'प्रमाणित' या शब्दाचा अर्थही तोच. दुकानदाराला खरा खर्च मिळतो, नोकरदाराला मानलेला खर्च मिळतो. मानलेला खर्च खऱ्यापेक्षा कधी अधिक असतो, कधी उणा. आमच्या मते पायी शाळेत येणाऱ्या शिक्षकाला त्यात लाभ आहे आणि वाघोडियाच्या कारखान्यात स्वतःच्या गाडीने जाणाऱ्या अभियंत्याला तोटा. पण ठोकताळ्याचा हिशेब नेहमी असाच असायचा.

या तोडजोडीचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. आपल्या देशात प्राप्तिकर आला तो १८६० साली, १८५७ च्या उठावाने इंग्रजांची तिजोरी रिकामी झाल्यावर, जेम्स विल्सन यांच्या हातून. पगारदारांना पूर्वी पुस्तके, वाहन अशा निरनिराळ्या खर्चांच्या वेगवेगळ्या वजावटी असत. त्या सर्व मोडून एकच प्रमाणित वजावट आणली ती १९७४ च्या अंदाजपत्रकाने, आणि ते मांडणारे अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. कराडच्या या मराठी माणसाचे नाव आपण संयुक्त महाराष्ट्राच्या संदर्भात शिकतो. पगारदारांच्या वजावटीशीही ते जोडलेले आहे हे थोड्यांना ठाऊक असेल. त्यावेळी पहिल्या १०,००० रुपये पगारावर २० टक्के आणि त्यापुढील पगारावर १० टक्के, पण एकूण ३,५०० रुपयांहून अधिक नाही, असे तिचे मोजमाप होते. पुढे रकमा वाढत गेल्या. २००५ मध्ये अर्थमंत्री चिदंबरम यांनी करमुक्त मर्यादा एक लाखापर्यंत वाढविली आणि प्रमाणित वजावट काढून टाकली. तेव्हापासून तेरा वर्षे ती नव्हतीच. २०१८ मध्ये अरुण जेटली यांनी ती ४०,००० रुपये करून परत आणली, पण एका हाताने देताना दुसऱ्या हाताने काही घेतले. प्रवासभत्त्यातील दरमहा १,६०० प्रमाणे वर्षाचे १९,२०० आणि औषधोपचाराच्या बिलांचे १५,०००, असे मिळून ३४,२०० रुपये जे पूर्वी करमुक्त होते ते बंद झाले. म्हणजे खरा लाभ ५,८०० रुपयांचाच. मात्र निवृत्तांना भत्ते आणि बिले मुळातच नव्हती, त्यामुळे त्यांच्या पदरी पूर्ण ४०,००० पडले. २०१९ च्या हंगामी अंदाजपत्रकात ही रक्कम ५०,००० झाली. २०२० मध्ये जी नवी करपद्धती निघाली तीत ही वजावट नव्हती. ती तेथे २०२३-२४ पासून देण्यात आली, आणि जुलै २०२४ मध्ये नव्या पद्धतीपुरती ७५,००० करण्यात आली. १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू करण्यात आला. त्यात कलमांचे आकडे बदलले, पण ही वजावट राहिली.

निवृत्तांचा उल्लेख आला, तेव्हा आजोबांकडे जाऊ. ते प्रतापनगरच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झाले. आपण आता नोकरीत नाही, तेव्हा नोकरदारांची वजावट आपली नव्हे, अशी त्यांची समजूत होती आणि ती एकट्या त्यांचीच नव्हती. २०१८ मध्ये वजावट परत आली तेव्हा ही शंका इतक्या जणांना आली की प्रत्यक्ष कर मंडळाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये खुलासा काढला. पूर्वीच्या मालकाकडून मिळणारे निवृत्तिवेतन 'पगार' याच शीर्षाखाली येते, सबब त्यालाही ही वजावट मिळते. निवृत्तिवेतन म्हणजे केलेल्या नोकरीचाच मागाहून हाती येणारा मोबदला, असा त्यामागचा विचार आहे. याउलट एखाद्याने स्वतःच्या पैशाने विमा कंपनीची पेन्शन-योजना घेतली असेल, तर तिच्यातून दरमहा येणारी रक्कम नोकरीशी संबंधित नसल्याने 'इतर साधनां'त जाते. जाहिरातीत तिला 'पेन्शन' म्हटले असले तरी वजावट नाही.

आजोबांचे एक मित्र एका लहान संस्थेतून निवृत्त झाले. त्यांना दरमहा ३,००० रुपये निवृत्तिवेतन आहे, वर्षाचे ३६,०००. बाकी सारा चरितार्थ बँकेतील ठेवींच्या व्याजावर. त्यांना वाटले की ७५,००० पैकी ३६,००० निवृत्तिवेतनातून गेले, उरलेले ३९,००० व्याजातून वजा होतील. तसे होत नाही. वजावट पहिल्या टोपलीतच संपली पाहिजे, तिचा उरलेला भाग दुसरीत ओतता येत नाही. त्यांची वजावट ३६,००० च. आजोबांची दांडिया बाजारात एक खोली भाड्याने दिलेली आहे, तिचा प्रकार आणखी निराळा. घरभाड्याच्या टोपलीला स्वतःची एक ठरीव वजावट आहे. महानगरपालिकेचा भरलेला कर वजा जाता उरलेल्या भाड्याच्या ३० टक्के, दुरुस्ती केली असो वा नसो. ती पगारदार, दुकानदार, निवृत्त अशा कोणत्याही घरमालकाला मिळते. आणि काकांचा दवाखाना? डॉक्टर, वकील यांसारख्या व्यावसायिकांना, एका मर्यादेच्या आत, एकूण फीच्या निम्मी रक्कम नफा मानून हिशेब देण्याची मुभा आहे. तेव्हा काकांनी आपल्या वहिनींच्या पंचाहत्तर हजारांकडे पाहून हळहळण्याचे फारसे कारण नाही. पादऱ्याच्या शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकरच नसल्याने तेथे वजावटीचा प्रश्न उद्भवत नाही.

उरल्या आत्या. त्यांचा प्रश्न आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता, कारण त्यात चूक करणारे सर्वांत अधिक, आणि ती चूक अशा वेळी होते जेव्हा घरातील कोणाचेच लक्ष कागदांवर नसते. आत्यांचे यजमान सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. त्यांच्या निवृत्तिवेतनातून दरवर्षी प्रमाणित वजावट होत असे. एका पावसाळ्यात ते वारले आणि निवृत्तिवेतनाच्या जागी आत्यांना कुटुंब-निवृत्तिवेतन सुरू झाले. देणारे खाते तेच, बँक तीच, पुस्तकातील नोंदही दिसायला तशीच. परंतु कायद्याच्या दृष्टीने पैशाची जात बदलली. पतीला मिळे तो त्याच्या नोकरीचा मोबदला होता, म्हणून 'पगार'. पत्नीने त्या कचेरीत नोकरी केलेली नाही, तिचे आणि त्या कचेरीचे मालक-नोकर असे नाते नाही, म्हणून तिला मिळते ते 'इतर साधनांपासूनचे उत्पन्न'. त्यावर पंचाहत्तर हजारांची वजावट नाही. तेथे निराळी वजावट आहे. मिळालेल्या कुटुंब-निवृत्तिवेतनाचा एक-तृतीयांश, किंवा जुन्या पद्धतीत १५,००० व नव्या पद्धतीत (२०२४-२५ पासून) २५,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. आत्यांना दरमहा १८,००० मिळतात, वर्षाचे २,१६,०००. एक-तृतीयांश होतो ७२,०००, पण नव्या पद्धतीत मर्यादा २५,००० ची. दरमहा ५,००० मिळणाऱ्या एखाद्या भगिनीचा वर्षाचा एक-तृतीयांश २०,००० होतो, तेव्हा तिला नव्या पद्धतीत २०,००० आणि जुन्यात १५,०००.

ज्या वर्षी मृत्यू होतो त्या वर्षी दोन हिशेब करावे लागतात. मृत्यूच्या दिवसापर्यंतचे निवृत्तिवेतन पतीचेच, आणि त्याचे विवरणपत्र वारसाने भरायचे. त्यात पतीची प्रमाणित वजावट पुरी घ्यावयाची, कारण ती महिन्यांच्या हिशेबाने तुटत नाही. त्यानंतरचे कुटुंब-निवृत्तिवेतन पत्नीच्या नावे, तिच्या वजावटीसह. पुष्कळ घरी पहिले विवरणपत्र भरलेच जात नाही, आणि दुसऱ्यात सबंध वर्षाची रक्कम 'पगार' म्हणून लिहिली जाते. आत्यांचेही तसेच झाले होते. ओळखीच्या एका गृहस्थांनी, सद्हेतूनेच, मागील वर्षाची प्रत समोर ठेवून तिच्यावरून नवे विवरणपत्र उतरविले आणि केवळ नाव बदलले. ज्या घरी अशी वेळ आली असेल तेथील मोठ्या विद्यार्थ्यांनी एवढा एक रकाना जरूर पाहावा. आणखी एक गोष्ट आत्यांच्या मैत्रिणीमुळे आम्हांस कळली. ती स्वतः परिचारिका म्हणून निवृत्त झाली आहे आणि तिला पतीचे कुटुंब-निवृत्तिवेतनही मिळते. तिला दोन्ही वजावटी मिळतात. स्वतःच्या निवृत्तिवेतनावर प्रमाणित वजावट आणि पतीच्या मागे मिळणाऱ्यावर एक-तृतीयांशाची मर्यादित वजावट. टोपल्या दोन, म्हणून वजावटी दोन.

पण टोपली एक आणि मालक दोन असतील तर वजावट एकच. हा नियम आम्ही अनुभवाने शिकलो, आणि अंकगणित शिकविणाऱ्याने तो असा शिकावा ही गोष्ट सांगताना संकोच वाटतो. २०२४-२५ या वर्षात आम्ही एक संस्था सोडून दुसरीत आलो. पहिल्या संस्थेत ६,००,००० आणि दुसरीत ६,४०,००० असा पगार झाला. दोन्ही कचेऱ्यांनी आपापल्या पुरता हिशेब केला. प्रत्येकीने ७५,००० वजा घातले, उरलेली रक्कम त्या वर्षीच्या ७ लाखांच्या माफीच्या आत आली, आणि दोन्हीकडे कर शून्य कापला गेला. आम्ही दोन्ही कागद पाहून निश्चिंत झालो. विवरणपत्र भरावयास बसलो तेव्हा एकूण पगार १२,४०,००० झाला, त्यातून वजावट एकदाच, म्हणून करपात्र उत्पन्न ११,६५,०००. त्या वर्षीच्या दरांनी कर ७४,७५०, अधिभारासह ७७,७४०, आणि व्याज निराळे. ही सारी रक्कम वजावटीच्या एका चुकीची नव्हे. करमुक्त थर आणि माफी ही दोन्हीही दोन ठिकाणी दोनदा धरली गेली होती. दोष कचेऱ्यांचा म्हणावा तर त्यांना एकमेकींचे ठाऊक नव्हते. नवीन मालकाला आधीच्या पगाराची माहिती '१२ ब' या नमुन्यात लिहून देण्याची सोय होती. तो नमुना आमच्या टेबलाच्या खणात तसाच कोरा पडून राहिला होता.

आपल्या गावातून पुष्कळ मुले-मुली शिक्षणासाठी अमेरिकेस जातात, म्हणून तेथील गोष्टही सांगितली पाहिजे, कारण तिथेही स्टँडर्ड डिडक्शन आहे आणि नाव एक असल्याने लोक दोहोंना एकच समजतात. तेथील वजावट केवळ पगारदारांची नाही. करदाता आपल्या ठरावीक खर्चांची यादी देऊन ते वजा घेऊ शकतो, किंवा यादी न देता ही ठरीव रक्कम घेऊ शकतो. मग तो नोकर असो की दुकानदार. २०२४ सालासाठी अविवाहित करदात्याला ती १४,६०० डॉलर होती. मात्र कराच्या दृष्टीने जो अमेरिकेचा रहिवासी नाही त्याला ती सामान्यतः मिळत नाही, आणि शिक्षणासाठी गेलेला विद्यार्थी बहुधा पहिली पाच कॅलेंडर वर्षे रहिवासी धरला जात नाही. तेव्हा आपल्या मुलांना ती मिळू नये. पण मिळते! भारत आणि अमेरिका यांच्यात १९८९ साली जो करविषयक करार झाला, त्याच्या एकविसाव्या कलमाने भारतातून गेलेल्या विद्यार्थ्यांना ती वजावट घेण्याचा हक्क दिला आहे. शेजारच्या बाकावरील अन्य देशांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना तो नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा भोजनगृहात काम करून चार डॉलर मिळविणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग होतो, आणि माहीत नसल्यामुळे काही जण तो सोडूनही देतात.

जुनी पद्धत घ्यावी की नवी, हा प्रश्न येथे आम्ही सोडवू शकत नाही, कारण तो घरातील विमा, भविष्यनिर्वाह निधी, घरभाडे आणि कर्ज यांवर ठरतो. नुसत्या प्रमाणित वजावटीकडे पाहिले तर नवी पद्धत २५,००० रुपयांनी उदार दिसते, पण जुन्या पद्धतीत हीच वजावट कधी कधी मोठे काम करते. साठ वर्षांखालील एखाद्याचा २०२५-२६ मधील पगार ७ लाख आहे आणि त्याने भविष्यनिर्वाह निधी वगैरेंत दीड लाख गुंतविले आहेत असे धरा. जुन्या पद्धतीत ५०,००० ची वजावट धरून करपात्र उत्पन्न बरोबर ५ लाख होते आणि सर्व कर माफ होतो. तीच वजावट घेण्याचे राहून गेले तर उत्पन्न साडेपाच लाख, माफी हातची जाते आणि कर अधिभारासह २३,४०० रुपये होतो. मर्यादेच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला पन्नास हजारांचे मोल असे अचानक वाढते.

हे सर्व ऐकून त्या विद्यार्थ्याने वहीच्या मागल्या पानावर पाच टोपल्या काढल्या आणि घरातील प्रत्येकाचे उत्पन्न त्यांत वाटून टाकले. आईचे आणि आजोबांचे पहिलीत, खोलीचे भाडे दुसरीत, बाबांचे व काकांचे तिसरीत. चौथी रिकामी राहिली. आत्यांचे नाव त्याने आधी पहिलीत लिहिले होते, ते खोडून पाचवीत नेले आणि त्यापुढे २५,००० चा आकडा घातला. पुढच्या आठवड्यात त्याचे आजोबा आत्यांचे जुने विवरणपत्र हातात घेऊन आमच्याकडे आले. ते दुरुस्त करून पाठविण्याची मुदत अजून शिल्लक होती.